राजारामपुरीतला डोस कॅल्क्युलेशनचा क्लास: सर पक्के, पुस्तिका कच्ची

‘ताई, नुसत्या कॅल्क्युलेशनसाठी क्लास लावू का?’ एनक्लेक्सची, म्हणजे अमेरिकेत नर्स म्हणून काम करण्यासाठीच्या परीक्षेची, तयारी करणाऱ्या ज्युनिअर मुली हे सारखं विचारतात. प्रत्येकीला वेगळं उत्तर टाइप करून कंटाळले, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. लावा. फक्त तिथे हातात पडणारी छापील पुस्तिका घरी गेल्यावर उघडू नका.

क्लासचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर आहे एवढं पुरे. शिकवणाऱ्या सरांबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती संचालकांनी कुठून तरी जुळवून आणलेल्या पुस्तिकेबद्दल आणि टेस्टच्या अ‍ॅपबद्दल. मी स्वतः आयसीयूत स्टाफ आहे. क्लास रविवारी सकाळी असायचा, म्हणजे बहुतेक वेळा शनिवारची नाइट करून थेट तिथेच. त्यामुळे झोपेतही डोक्यात शिरेल असं शिकवणं म्हणजे काय, हे मला चांगलं माहीत आहे.

फी साडेसहा हजार, दोन हप्त्यांत चालते. बॅचमध्ये गडहिंग्लज, कागल, इचलकरंजीच्या मुली, दोघेतिघे ब्रदर आणि सांगलीहून येणारी एक सिस्टर. फळा आहे, प्रोजेक्टर आहे, पंखे चालतात.

आता मुद्द्याचं. ज्यांनी अजून फॉर्म भरलेला नाही त्यांना वाटतं, डोसचं गणित म्हणजे चौथीचा गुणाकार-भागाकार, त्याला क्लास कशाला? गणित सोपंच आहे. आणि एनक्लेक्सला स्क्रीनवर कॅल्क्युलेटरही मिळतो. घात होतो तो शेवटच्या पायरीला. या प्रश्नांत चार पर्याय नसतात. रिकामी चौकट असते, तिच्यात फक्त आकडा टाकायचा, एकक टाकायचं नाही. किती घरांपर्यंत उत्तर द्यायचं हे प्रश्नातच लिहिलेलं असतं: पूर्ण संख्येत द्या किंवा दशांशानंतर एक घर ठेवा. एका घरात मागितलेलं उत्तर तुम्ही पूर्ण संख्येत दिलंत, तर आधीच्या सगळ्या पायऱ्या बरोबर असून उत्तर चूक. पायऱ्यांचे मार्क द्यायला तिथे कुणी पेपर तपासत बसलेलं नसतं.

त्यात परीक्षा कॉम्प्युटर अ‍ॅडाप्टिव्ह. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या पॅटर्नमध्ये कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न, वेळ पाच तास. तुमच्या उत्तरांवरून मशीन पुढचा प्रश्न निवडत जातं. २०० डॉलर परीक्षेचे, अमेरिकेबाहेर देता म्हणून वर १५० डॉलर, रात्रभर महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई गाठायची आणि तिथे गेल्यावर ७.९ च्या जागी ८ टाकून यायचं, हे कुणाला परवडणार? नापास झालात तर पुन्हा बसायला किमान ४५ दिवस थांबावं लागतं, आणि पैसे पुन्हा भरावे लागतात ते वेगळेच.

सरांची पद्धत मला आवडली, कारण पहिल्या तासाला त्यांनी फळ्यावर एकही सूत्र लिहिलं नाही. टेबलावर सिरिंजा मांडल्या. एक एमएलची, दोनची, पाचची, दहाची, शिवाय इन्सुलिनच्या दोन. म्हणाले, ‘गणित मागनं बघू. आधी रेघा मोजा. एका रेघेला किती हाय ते सांगा.’ आम्ही रोज वापरणाऱ्या बायका, तरी पाच एमएलच्या सिरिंजवर निम्मा वर्ग चुकला. दोन मोठ्या रेघांच्या मध्ये पाच घरं असतात, म्हणजे एका बारीक रेघेला ०.२ एमएल. दोनच्या सिरिंजवर ०.१ आणि एकच्या सिरिंजवर ०.०१. रोज हातात असते, पण असं कुणी विचारलेलंच नसतं.

मग त्यांनी एकच गणित घातलं. जेंटामायसिनची आपल्याकडची नेहमीची व्हायल, दोन एमएलमध्ये ८० मिलिग्रॅम. लहान मुलाला २२ मिलिग्रॅम द्यायचं आहे, तर किती एमएल? २२ भागिले ४०, उत्तर ०.५५. ‘आता हे दोनच्या सिरिंजमध्ये घेऊन दाखवा.’ पुढच्या बाकावरच्या मुलीने सिरिंज उजेडाकडे धरली, दट्ट्या मागे ओढला आणि थांबली. ०.५ ची रेघ आहे, ०.६ ची आहे, ०.५५ ची नाही. ‘मग करू का ०.६?’ सरांनी विचारलं. कुणीतरी मागून ‘हो’ म्हटलं. सरांनी फळ्यावर लिहिलं, ०.६ गुणिले ४० म्हणजे २४. दोन मिलिग्रॅम जास्त गेलं, आणि तेही एवढ्याशा पोराला. मग एक एमएलची सिरिंज पुढे सरकवली. तिच्यावर ०.५५ ची रेघ स्पष्ट होती.

एक एमएलच्या आतलं उत्तर दोन घरांपर्यंत ठेवायचं आणि एकच्या वरचं एका घरापर्यंत, हा नियम मी कॉलेजात पाठ केला होता. तो का, हे त्या दिवशी कळलं. एकच्या आतला डोस बारीक सिरिंजमध्ये घेता येतो आणि तिच्यावर तेवढ्या रेघा असतात. एकच्या वर गेलं की मोठी सिरिंज येते, आणि मोठ्या सिरिंजवर दुसऱ्या घराची रेघच नसते. सर म्हणाले, गुजरीत सोनं मिलिग्रॅमपर्यंत तोलतात आणि कारखान्याच्या काट्यावर उसाच्या ट्रॉलीचे ग्रॅम कुणी विचारत नाही. ज्याचा काटा जेवढा बारीक, तेवढाच आकडा बारीक. पुढे सलाईनच्या थेंबांचं उत्तर पूर्ण संख्येत का द्यायचं, तेही विचारावं लागलं नाही. अर्धा थेंब मोजणार कसा? गोळीचंही तसंच. मधे रेघ असेल तर अर्धी करता येते, म्हणून १.५ चालतं. कॅप्सूल किंवा एन्टेरिक कोटेड (पोटात न विरघळता आतड्यात विरघळणारी) गोळी असली तर तेही चालत नाही. आणि उत्तर १.३ गोळ्या आलं, तर दशांश कुठे थांबवायचा हा विचार नंतर करा, आधी मांडणी पुन्हा तपासा.

दुसरी गोष्ट म्हणजे राउंडिंग, म्हणजे लांबलचक आकडा तोडून जवळच्या आकड्याला नेणं, कधी करायचं. किती घरांपर्यंत हे प्रश्न सांगतो, पण केव्हा हे तुमचं तुम्हाला सांभाळायला लागतं. सरांचं म्हणणं, अगदी शेवटी आणि एकदाच. त्यासाठी त्यांनी घातलेलं गणित मी आता प्रत्येक ज्युनिअरला घालते. मुलाचं वजन ३७ पौंड. पॅरासिटामॉल १५ मिलिग्रॅम प्रति किलो. औषध अमेरिकेतलं, म्हणजे ५ एमएलमध्ये १६० मिलिग्रॅम. (आपल्याकडे १२५ नाहीतर २५० चं सिरप असतं, पण परीक्षा त्यांची आहे तर बाटलीही त्यांचीच धरायची.) उत्तर एका घरापर्यंत द्या.

एक किलो म्हणजे २.२ पौंड, म्हणून ३७ भागिले २.२ केलं की कॅल्क्युलेटरवर १६.८१८१ असं लांबलचक काहीतरी येतं. ते तसंच ठेवून १५ ने गुणलं तर २५२.२७ मिलिग्रॅम. एका एमएलमध्ये ३२ मिलिग्रॅम, म्हणून ३२ ने भागलं तर ७.८८, म्हणजे ७.९ एमएल. आता वजनाचे १६.८१ पाहून ‘चला, १७ किलो’ म्हणणाऱ्या मुलीचं काय होतं बघा. १७ गुणिले १५, २५५. भागिले ३२, ७.९७. एका घरापर्यंत ८. वॉर्डात त्या पोराला या फरकाने काही होणार नाही, हे मलाही कळतं. पण चौकटीतला आकडा चुकला.

थेंबांत हा प्रकार जास्त दिसतो. १००० एमएल सलाईन सहा तासांत, सेट २० थेंबांचा, म्हणजे एका एमएलला २० थेंब. मिनिटाला किती थेंब? १००० भागिले ३६० म्हणजे मिनिटाला २.७७ एमएल. इथेच कुणी तीन धरले तर तीन गुणिले वीस, ६० थेंब. न थांबता पुढे गेलात तर ५५.५५, म्हणजे ५६. साठच्या हिशोबाने बाटली साडेपाच तासांतच संपते, सहाव्या तासाची वाट बघत नाही. हे मी नाइटला डोळ्यांनी पाहिलेलं आहे, त्यामुळे या गणितावर मला कुणी काही सांगायची गरज नव्हती. पण वर्गातल्या फ्रेशर मुलींचे चेहरे बघण्यासारखे झाले होते.

एवढं सगळं शिकून मुलगी घरी जाते, पुस्तिका उघडते आणि तिथे काय दिसतं?

पहिल्याच पानावर जाड ठशात ‘सुवर्ण नियम’: प्रत्येक उत्तर दोन दशांशांपर्यंत द्यावे. प्रत्येक म्हणजे थेंबसुद्धा! मागे उत्तरांत एके ठिकाणी खरंच मिनिटाला ३१.२५ थेंब छापलेत. (१००० एमएल, आठ तास, १५ थेंबांचा सेट. उत्तर ३१.) पौंडांची गणितं सोडवून दाखवली आहेत, त्यांत वजन पहिल्याच ओळीत पूर्ण किलोत गुंडाळलं आहे. म्हणजे सर ज्या सवयीवर तासभर घसा कोरडा करतात, तीच सवय पुस्तिका पानोपानी लावते. नमुन्याचा औषधांचा चार्ट आहे, त्यात ‘५.० मिग्रॅ’ आणि ‘.५ मिग्रॅ’. अमेरिकेत जॉइंट कमिशनने (हॉस्पिटलांना मान्यता देणारी संस्था) २००४ पासून अशा लिहिण्यावर बंदी घातलेली आहे, कारण ठिपका पुसट आला की पहिल्याचे पन्नास होतात आणि दुसऱ्याचे पाच. तिकडच्या परीक्षेच्या पुस्तिकेत नेमकं तेच छापायचं म्हणजे कमाल आहे.

मी सरांना दाखवलं. त्यांनी पुस्तिका उलटसुलट केली, हसले आणि म्हणाले, ‘सिस्टर, मी ही वाचूच नका म्हणतो, तर ऑफिसवाले म्हणतात पैसे घेतलेत, द्यायला तर पाहिजे.’ ऑफिसात बसणाऱ्या मॅडमनाही दाखवलं. त्यांनी पान नंबर लिहून घेतले, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू म्हणाल्या. माझ्यानंतरच्या बॅचमधल्या मुलीकडची पुस्तिका मी पाहिली. मुखपृष्ठाचा रंग बदलला आहे.

अ‍ॅपची कथा निराळी. जेंटामायसिनसारख्याच एका गणितात ०.५५ टाकलं तर लाल फुली, कारण त्यांच्या उत्तरात ०.६. प्रश्नात किती घरं हवीत त्याचा उल्लेख नाही. खऱ्या परीक्षेत ती सूचना असते, मग सरावाच्या प्रश्नात ती गाळून चालेल कसं? सूचना वाचायची सवय लागणं हाच तर अर्धा अभ्यास आहे. शिवाय अ‍ॅपमध्ये आकड्यापुढे ‘एमएल’ लिहिलं नाही तर चौकट पुढे जाऊ देत नाही, म्हणजे तिथेही उलटीच सवय. अ‍ॅपचे पैसे फीतच धरलेले आहेत, नको म्हटलं तरी कमी होत नाहीत. मी विचारून पाहिलं.

इन्सुलिनच्या तासाबद्दल मात्र जरा जास्त लिहिते, कारण असा तास मी दुसरीकडे पाहिलेला नाही. लाल टोपणाची सिरिंज ४० युनिटची, म्हणजे एका एमएलला ४० युनिट, आणि केशरी टोपणाची १०० ची. आपल्याकडे दोन्ही चालतात, व्हायलही ४० ची सर्रास मिळते. अमेरिकेत माणसांसाठीच्या नेहमीच्या व्हायल १०० च्याच. सरांनी ४० च्या व्हायलमधून १०० च्या सिरिंजमध्ये ‘४०’ च्या रेघेपर्यंत भरायला लावलं आणि विचारलं, किती युनिट गेले? वर्ग गप्प. ०.४ एमएल गेलं, म्हणजे १६ युनिट. चाळीसच्या जागी सोळा! मग त्यांनी सांगितलं की इन्सुलिनच्या गणितात एमएलमध्ये शिरायचंच नाही, युनिटची सिरिंज युनिटलाच वाचायची, आणि प्रश्नात शंभरची व्हायल दिसली की आपल्या वॉर्डातली लाल टोपणाची आठवण बाजूला ठेवायची. इथे राउंडिंगचा संबंध नाही, तरी सर तास लांबवून हे शिकवतात. घड्याळ न बघता शिकवणारा माणूस आहे.

वॉर्डात एक आणि परीक्षेत एक, असं का, हा प्रश्न मीच विचारला होता. आमच्या आयसीयूत डोपामिनचं (बीपी वाढवायचं औषध) २०० मिलिग्रॅमचं अँप्युल म्हणजे पाच एमएल, त्यात ४५ एमएल नॉर्मल सलाईन, अशी पन्नासची सिरिंज लोड करून पंपाला लावतो. सत्तर किलोचा पेशंट, मिनिटाला पाच मायक्रोग्रॅम प्रति किलो, की ताशी ५.२५ एमएल येतं. पंपावर एकच घर टाकता येतं. काही सिस्टर ५.२ ठेवतात, काही ५.३, आणि पुढे बीपी बघून वरखाली करतात. सर म्हणाले, पंपापाशी तुमच्यासमोर पेशंट आहे, बीपी आहे, डॉक्टर आहेत. परीक्षेत यांतलं काहीच नाही. तिथे पाच किंवा त्यावरचा अंक आला की आधीचा एकने वाढतो, म्हणून ५.३, आणि पूर्ण संख्या मागितली तर ५. तिकडच्या काही हॉस्पिटलांत लहान मुलांचा डोस राउंड करताना वर नेतच नाहीत, पुढचे अंक सरळ सोडून देतात, तेही त्यांनी सांगितलं. पण परीक्षेच्या चौकटीपुढे बसल्यावर आपल्या हॉस्पिटलचा रिवाज, त्यांच्या हॉस्पिटलचा रिवाज, सगळं विसरून प्रश्नाखालची ओळ वाचायची.

एक मोठी अडचण अशी की एकाच बॅचमध्ये सगळ्या परीक्षांची मुलं भरतात. गल्फमध्ये नर्सिंगसाठी द्यायच्या प्रोमेट्रिक परीक्षेला पर्याय दिलेले असतात. एम्सच्या नॉरसेटलाही (नर्सभरतीची परीक्षा) पर्याय असतात आणि चुकीला एक तृतीयांश मार्क कापतात. पर्याय समोर असले की राउंडिंगची धास्ती निम्मी होते, जवळचा आकडा निवडला की झालं. इंग्लंडच्या एनएमसीच्या (तिथली नर्सिंग कौन्सिल) टेस्टला मात्र गणिताचा वेगळा भाग असतो, १५ प्रश्न, अर्धा तास, आणि उत्तर आपणच लिहायचं. या सगळ्यांना एकत्र बसवलं की होतं काय, गल्फवाली मुलं ‘सर, पर्याय कुठले?’ म्हणत राहतात आणि एनक्लेक्सवाल्या घड्याळ बघतात. निदान पर्यायवाले आणि बिनपर्यायवाले असे दोन गट करा, हे मी फीडबॅक फॉर्मवर लिहिलं आहे. फॉर्म कोण वाचतं ते माहीत नाही.

बाकी किरकोळ. गाडी लावायला जागा नाही, रविवारीसुद्धा गल्लीच्या तोंडाशीच लावून यावं लागतं. पाण्याचा जार असतो, ग्लास एकच. तास चुकला तर पुढच्या बॅचला बसू देतात, ते चांगलं आहे. आमची ड्युटी बदलली की दुसरा उपाय नसतो. रेकॉर्डिंग देत नाहीत. पोरी मोबाइलवर चोरून करतात आणि सर बघून न बघितल्यासारखं करतात.

ज्यांचं गणित मुळातच पक्कं आहे आणि इंग्रजी प्रश्न वाचायची सवय आहे, त्यांना साडेसहा हजार जास्त वाटतील. त्यांनी चांगली प्रश्नपेढी घेऊन घरीच सराव केला तरी चालेल, फक्त पायरीपायरीला आकडे तोडायचे नाहीत आणि रोज दहा गणितं तरी हाताने सोडवायची. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून पाचसहा वर्षं वॉर्डात असलेल्या, ‘अंदाजे’ची सवय लागलेल्या आमच्यासारख्यांना मात्र सर हवेत.

दुसऱ्या कुठल्या क्लासचा डेमो बघायला जाणार असाल, शाहूपुरीत जा, ताराबाई पार्कात जा नाहीतर ऑनलाइन बघा, तर पैसे भरायच्या आधी शिकवणाऱ्याला हे ३७ पौंडांचं गणित घाला आणि गप्प बसून फळ्याकडे बघा. पहिल्या ओळीत त्याने १७ किलो लिहिले, तर चहा पिऊन परत या.